वाढत्या मापाची गाडी

कृष्णात मगदूमबद्दल लिहायचं तर आधी त्याच्या गाडीबद्दल लिहायला हवं, आणि गाडीबद्दल लिहायचं तर माझ्याबद्दल. हे दुसरं मी गेलं वर्षभर टाळत आले.

मी विद्या. राहते राजाजीनगरला, नोकरी व्हाइटफील्डच्या पुढे, आमच्या कंपनीच्या गोडाऊनमध्ये. तिथे बाथटब, बेसिनं आणि कमोड ठेवलेले असतात. ऐकून लोक हसतात, हसू देत. तिथली सगळी यंत्रांची खरेदी माझ्याकडे आहे. मला राग पटकन येतो आणि चूक कबूल करायला वेळ लागतो, हे घरात आणि ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. किती वेळ लागतो, ते मात्र मलाही ठाऊक नव्हतं.

कृष्णात आमचा फोर्कलिफ्ट चालवणारा. निपाणीजवळच्या खेड्यातला, पस्तिशीचा, अंगानं बारीक. फोर्कलिफ्ट म्हणजे पुढे दोन लोखंडी काटे असलेली, माल उचलून उंच रॅकवर ठेवणारी गाडी. सकाळी आला की तो तिच्याभोवती एक चक्कर मारायचा, साखळीला बोट लावून तेल बघायचा, मग सीटला हात लावून तो कपाळाला लावायचा. रॅकांमधली गल्ली रिकामी असली तरी प्रत्येक कोपऱ्यावर हॉर्न वाजवायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "कुणी नाहीये तिथे, कशाला कान किटवतोस?" तर म्हणाला, "कुनी न्हाई हे वळल्यावर कळतंय, विद्याक्का." खोक्यावर बोटाची पेरं वाजवून तो सांगायचा, आतलं बेसिन तडकलंय. खोकं उघडलं की तडकलेलंच निघायचं.

शिवकुमारांशी, म्हणजे आमच्या गोडाऊन मॅनेजरशी, तो कन्नडमध्ये बोलायचा, माल भरणाऱ्यांशी हिंदीत, आणि मराठीत फक्त दोघींशी. एक मी, दुसरी ठकुबाई.

ठकुबाई संकेश्वरकडची, गोडाऊन झाडायला असते. नवरा नाही, मूल नाही. दुपारी ती आणि कृष्णात मागच्या शटरपाशी डबा उघडायचे. भाकरी तिची, शेंगदाण्याची चटणी त्याची. कृष्णातला बहीण नव्हती, ठकुबाईला भाऊ नव्हता, तेवढ्यावर नातं ठरून गेलं होतं. त्याची बायको रंजिता गरोदर राहिली तेव्हा ठकुबाईनं सगळ्या गोडाऊनला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "बारशाला आत्या मी. कानात नाव मीच सांगनार." त्यासाठी तिनं हिरवं लुगडंही घेऊन ठेवलं होतं.

आमची जुनी गाडी डिझेलची होती. बंद गोडाऊनमध्ये तिचा धूर कोंडायचा आणि ठकुबाईला खोकल्याची उबळ यायची. बॅटरीवरची गाडी घ्यायची हे मी ठरवलं, आणि ते बरोबरच होतं. पुढचं सगळं चुकलं.

आता माझ्या माहेरचं थोडं सांगते. बाबा, म्हणजे पद्माकर, इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. आमच्या घरी कुठलीही वस्तू एक माप मोठी घ्यायची रीत होती. गणवेश वाढत्या अंगाचा, बूट वाढत्या पायाचे, पुढे कापूस कोंबलेले. कुकरसुद्धा पाहुणे धरून घेतलेला. चौथीत मी बसवनगुडीच्या शाळेतल्या शर्यतीत त्या बुटांपायी तोंडावर आपटले होते, पण शिकले काही नाही. मोठं घेतलेलं वाया जात नाही हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं होतं.

तेव्हा फोर्कलिफ्टही मी तशीच निवडली. पुरवठादारानं दोन दाखवल्या होत्या. एक तीनचाकी, दीड टन उचलणारी, लहानखुरी. दुसरी चारचाकी, अडीच टनी, रुंद, दणकट. आमचा सगळ्यात जड पॅलेट, म्हणजे माल रचलेला लाकडी पाट, एक टनही भरत नाही. तरी मी चारचाकीवर बोट ठेवलं. उद्या माल वाढला तर काय, लहान गाडी का घेतली म्हणून मलाच विचारतील. मोठी घेतली तर कुणी विचारत नाही.

राहिला प्रश्न गल्लीचा. दोन रॅकांच्या मधल्या जागेला आम्ही गल्ली म्हणतो. चारचाकीला काटकोनात वळून माल लावायला साडेबारा फूट लागतात, तीनचाकीला अकरा. मी स्वतः टेप घेऊन उतरले. "दुसऱ्यानं घेतलेल्या मापावर विसंबू नये," हे बाबांचं वाक्य. तो दिवस आयुधपूजेचा, म्हणजे आपल्या खंडेनवमीचा, होता.

ज्यानं इथली आयुधपूजा पाहिली आहे त्याला सांगायला नको. आदल्या दिवशी सगळं गोडाऊन धुऊन काढतात. त्या दिवशी एकही चाक हलत नाही. शटरला केळीचे खुंट, जुन्या फोर्कलिफ्टला शेवंतीचा हार, चाकांखाली लिंबं, दारात फोडायचा कोहळा, आणि सगळ्यांना वाटायला कडले-पुरीची, म्हणजे चुरमुरे-फुटाण्यांची, पाकिटं. पूजेला लोक मावावेत म्हणून सगळी खोकी रॅकमध्ये पार आत ढकललेली असतात. बाहेर डोकावणारे बाथटब त्या दिवसापुरते अंगणात काढून ठेवतात. मी टेप लावला. तेरा फूट भरले.

कृष्णात हातात कुंकवाची वाटी घेऊन उभा होता. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाला, "अक्का, आज मापू नगासा. ह्ये सनाचं गोडाऊन हाय. रोजचं न्हवं."

"तेरा फूट म्हणजे तेरा फूट. सणाला लोखंड ताणलं जातं का?"

"लोखंड हाय तेवढंच ऱ्हातंय. टबाची खोकी रॅकातनं दोनी बाजूंनी वीत-वीत भाईर येत्यात. उद्या मापा, साडेअकरा भरतंय का न्हाई बघा. तीनचाकी घ्या. जागंवर वळतीया ती."

"आणि उद्या माल वाढला तर?"

"माल वाढंल, अक्का. गल्ली न्हाई वाढायची."

समोरच्याचं बरोबर असलं की मी चिडते. "रिक्षा नाही घ्यायची आहे मला," असं म्हणून मी टेप गुंडाळला. त्यानं वाटीतलं कुंकू जुन्या गाडीच्या काट्यांना लावलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मापायला उतरले नाही. मला वेळ नव्हता असं नाही. साडेअकरा भरले असते तर त्याला तसं सांगावं लागलं असतं.

नवी गाडी आली, पिवळीधम्मक. कृष्णातनं तिच्याही सीटला हात लावला. पण पहिल्याच आठवड्यात मला वरच्या मजल्यावरच्या माझ्या ऑफिसच्या काचेतून दिसायला लागलं की ज्या वळणाला त्याला पूर्वी एक फेरा पुरायचा तिथे तो तीन-तीनदा मागे-पुढे करतोय. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते, त्यामुळे वळताना तिची मागची बाजू बाहेर फेकली जाते. तो म्हणायचा, म्हशीनं शेपूट मारावं तशी ही मारतीया. इतर पाळ्यांतल्या चालवणाऱ्यांनी रॅकच्या खांबांवर ओरखडे काढले. अकरा वर्षांत त्याच्या हातून एकाही खांबाला गाडीचा रंग लागला नव्हता, आणि या गाडीवरही त्यानं तीन महिने लागू दिला नाही. मी ते बघत होते आणि मनात म्हणत होते, बघा, मावतेय की.

जानेवारीतल्या एका सकाळी दोन ट्रक माल एकदम आला. शिवकुमारांची घाई चालली होती. कृष्णात वर बाथटब चढवून मागे घेत असताना गाडीची मागची बाजू समोरच्या रॅकच्या खांबाला घासली. खांब वाकला, वरचा पॅलेट कलंडला आणि बेसिनांची खोकी पलीकडच्या गल्लीत कोसळली. तिथे ठकुबाई झाडत होती. हॉर्न ऐकून ती बाजूला झाली होती म्हणून वाचली. पण एक खोकं तिच्या उजव्या मनगटावर आलं आणि हाड दोन ठिकाणी मोडलं. कृष्णात गाडी बंद करून धावला. तिला उचलून शटरपर्यंत त्यानंच नेलं, आणि दवाखान्यातही तोच संध्याकाळपर्यंत बसून होता.

तीन दिवसांनी चौकशी झाली. टेबलापाशी शिवकुमार, मी आणि मुख्य ऑफिसातून आलेले एक साहेब होतो. दाराशी कृष्णात उभा होता, आणि प्लास्टरमधला हात गळ्यात बांधून ठकुबाई स्टुलावर बसली होती. साहेबांनी विचारलं, गल्ली अपुरी आहे हे तू आधी कुणाला सांगितलं होतंस का?

कृष्णात म्हणाला, "मेडमगे हेळिद्दे, सर." मॅडमना सांगितलं होतं.

सगळे माझ्याकडे वळले. कृष्णातनंही बघितलं. तो घाबरलेला नव्हता. मी आता हो म्हणणार याबद्दल त्याला शंकाच नव्हती.

मी म्हणाले, "नेनपिल्ला." आठवत नाही.

एवढंच. मराठीत ते माझ्या तोंडून निघालं नसतं असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले. पण निघालं असतं. पुढ्यातल्या कागदावर मी स्वतःच्या हातानं लिहिलेले तेरा फूट होते, आणि मी त्यावर कोपर ठेवून बसले होते.

साहेबांनी लिहिलं, चालकाचा निष्काळजीपणा. मी सही केली. कृष्णातला गाडीवरून उतरवून हातानं ओढायच्या ट्रॉलीवर दिलं. अकरा वर्षं ज्यानं आभाळात माल चढवला तो आता जमिनीवर बेसिनं ओढायला लागला. चौकशीच्या खोलीतून बाहेर पडताना तो मला म्हणाला, "येतो, मॅडम." तोपर्यंत कुणी जवळ नसताना मी त्याची विद्याक्का होते. त्यानंतर कधीच नाही.

ठकुबाई दीड महिन्यानं कामावर आली. मोडलेला हात नीट मिटेना, म्हणून डाव्या हातानं झाडायला लागली. कृष्णातनं मागच्या शटरपाशी तिच्याजवळ डबा उघडला, तेव्हा मी पाण्याच्या पिंपाशी होते, म्हणून ऐकलं. ठकुबाई म्हणाली, "हात मोडला त्येचं काय न्हाई रं. तुझ्या हातनं मुद्दाम हुईल व्हय? पन तू त्या बाईवर ढकललंस. सगळ्यांफुडं. आपल्या मानसावर खोटं घातलंस." तो म्हणाला, "म्या खोटं बोललो न्हाई." ठकुबाई म्हणाली, "मग मॅडम बोलली काय? येवढी शिकल्याली बाई?" आणि भाकरी उचलून दुसरीकडे जाऊन बसली.

पिंपापासून त्यांच्यापर्यंत दहा पावलं होती. मी पाण्याची बाटली भरून वर निघून गेले.

मार्चमध्ये रंजिताला मुलगी झाली. एका रविवारी तिचा फोन आला. "अक्का, बारसं हाय. ठकुआत्या न्हाई म्हनाल्यात, का ते सांगंनात. ह्ये बी काय बोलत न्हाईत. हितं आपलं दुसरं कोन हाय? तुमीच आत्या व्हा." तिच्या बोलण्यावरून लगेच कळलं की कृष्णातनं घरी काहीच सांगितलेलं नाही. बाळंतीण बाईच्या जिवाला घोर नको म्हणून सांगितलं नसणार. तिला नाही म्हणायला मला कारण सापडेना. खरं कारण होतं, तेवढंच सांगायचं नव्हतं.

मी गेले. इरकली नेसून गेले, चांदीचा वाळा घेऊन गेले. मेट्रोत मॅजेस्टिकला गाडी बदलताना मनात आलं की इथूनच मागे फिरावं, आणि फिरले नाही. कडुगोडीच्या पलीकडे त्यांची एक खोली होती. पाळणा शेजारणीकडून आणलेला, त्याला शेवंतीचा हार बांधलेला. दारात कृष्णात उभा होता. "या," म्हणाला, आणि चपला ठेवायला जागा करून दिली.

मी पाळण्यावर वाकले. मुलीच्या कानाशी तोंड नेलं आणि रंजितानं सांगितलेलं नाव कुजबुजले, वेदिका. बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत हलक्या हातानं धपाटे घातले, हसल्या. मला वाटलं होतं तेव्हा काहीतरी होईल, शब्द अडकेल, रडू येईल. तसं काही झालं नाही. मी घुगऱ्या खाल्ल्या, रंजितानं दिलेला खण घेतला आणि घरी आले. तो खण मी अजून शिवलेला नाही. कपाट उघडलं की समोरच दिसतो आणि मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्यानंतर सप्टेंबरपर्यंत त्या गाडीनं आणखी दोन खांब वाकवले. ती चालवणारे आता दुसरेच होते. शिवकुमार म्हणाले, "मॅडम, सगळेच कसे निष्काळजी निघाले?" त्यांनी सहज विचारलं असेल, मला तसं वाटलं नाही. गाडी परत करून नवी घ्यायचं ठरलं, आणि कागद पुन्हा माझ्या टेबलावर आले. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी मी टेप घेऊन थेट खाली गेले. कृष्णात ट्रॉलीला तेल देत होता.

"कृष्णात, गल्ली मापायची आहे. दुसरं टोक धरतोस?"

त्यानं टेपचं टोक धरलं. टबाच्या खोक्यापासून समोरच्या खोक्यापर्यंत साडेअकरा फूट भरले. त्यानं आकड्याकडे बघितलंही नाही. मी विचारलं, "कुठली घेऊ?" मला वाटलं होतं, म्हणेल, मला इचारू नगा. म्हणाला असता तर बरं झालं असतं. पण यंत्राचा विषय निघाला की त्याला गप्प राहवायचं नाही. तीनचाकी घ्या, म्हणाला. चाकं भरीव रबराची घ्या, खिळ्यांनी पंक्चर व्हायला नकोत. चार्जिंगची जागा शटरपाशी नको, पावसाचं पाणी येतंय. आणि घ्यायच्या आधी भरला टब उचलून, रोजच्या दिवशी, याच गल्लीत वळवून बघा. मी लिहून घेत होते. सगळं सांगून झाल्यावर तो टेप माझ्या हातात देत म्हणाला, "मॅडम, एक इचारू?"

"विचार की."

"मला गाडी द्या न्हाईतर नगा देऊ. ठकुबाईला तेवढं सांगशीला काय?"

मी मान हलवली.

आधी मी वर गेले, कारण वर सोपं होतं. शिवकुमारांना सगळं सांगितलं. आयुधपूजा, टेप, तेरा फूट, नेनपिल्ला. मुख्य ऑफिसला पत्र लिहिलं आणि खाली सही केली. शिवकुमारांनी पेन खाली ठेवलं. "सरी," म्हणजे ठीक आहे, असं ते म्हणाले, "सोमवारपासून कृष्णात गाडीवर." साहेबांचा फोन आला, त्यांनी मला दोन शब्द सुनावले, आणि शेवटी म्हणाले की पुढच्या खेपेला काळजी घ्या. इतके महिने मी ज्याला घाबरत होते ते अर्ध्या तासात उरकलं. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

मग मी खाली गेले. ठकुबाई मागच्या शटरपाशी झाडत होती. मी म्हटलं, "ठकुबाई, कृष्णात खोटं बोलला नव्हता. त्यानं मला सांगितलं होतं, गाडी मावणार नाही म्हणून. मला सगळं आठवत होतं. खोटं मी बोलले."

तिनं झाडणं थांबवलं. माझ्याकडे नाही, ट्रॉली ओढत निघालेल्या कृष्णातकडे बघत राहिली. तो कोपऱ्यावर वळून दिसेनासा झाला. तोंडानं हॉर्न वाजवावा तसा त्यानं आवाज दिला, "बाजू, बाजू," गल्ली रिकामी असताना.

"दुपारी त्यो माझ्याजवळ डबा घिऊन याचा," ती म्हणाली. "महिनाभर येत हुता. मी उठून जायचो."

तिनं झाडूत अडकलेला सुतळीचा तुकडा काढला.

"पोरगी आता बसाया लागली असंल."

"हो. बसते."

"आनि बारशाला? कानात नाव कुनी सांगितलं तिच्या?"

तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं. कृष्णातनं नाही, रंजितानं नाही. माझ्यावर सोडून दिलं होतं.

"मी," मी म्हणाले.

ठकुबाईनं माझ्याकडे बघितलं, माझ्या पायांपासून वरपर्यंत. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या, त्याच्या तयारीनंच आले होते. तिनं उजव्या हातानं झाडू धरून पाहिला, बोटं मिटली नाहीत, मग तो डाव्या हातात घेतला.

"पाय बाजूला घ्या, मॅडम," ती म्हणाली. "कचरा ऱ्हातोय खाली."